पिप म्हणतं इन्स्टॉल झालं, पायथन म्हणतो मॉड्यूलच नाही: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

पायथन लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही एरर कधी ना कधी येतेच, आणि आली की परत परत येत राहते. पॅकेज टाकलं, पिपनं (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) शेवटच्या ओळीत ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ छापलं, लगेच स्क्रिप्ट रन केली तर ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’. परत इन्स्टॉल करा तर पिप म्हणतं ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, परत रन करा तर तीच एरर. मग माणूस सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं) लावून बघतो, टर्मिनल बंद करून उघडतो, शेवटी वैतागून अख्खा पायथनच काढून नवीन टाकतो, आणि कधीकधी त्यानं चालतंही, पण का चाललं ते कळलेलं नसतं त्यामुळे पुढच्या प्रोजेक्टला परत पहिल्यापासून सुरू.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. पॅकेज एका पायथनमध्ये गेलेलं असतं आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच पायथनवर चाललेली असते. मशीनवर एकच पायथन आहे असं आपण धरून चालतो, पण सिस्टिमचा एक असतो, आपण वेबसाइटवरून टाकलेला एक, होमब्रू किंवा कोंडा या पॅकेज मॅनेजरांबरोबर आलेला अजून एक, आणि प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे आपापली पॅकेजेस सांभाळणारा वेगळाच एक. त्यामुळे ‘पॅकेज का सापडत नाही’ हे विचारत बसू नका, ‘आत्ता कुठला पायथन चालतोय’ हे विचारा. एवढा एक प्रश्न बदलला तरी निम्मा वेळ वाचतो.

(कमांड्स मी इथं देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

आधी हे बघा, बाकी सगळं नंतर

जी स्क्रिप्ट फेल होतेय तिच्याच अगदी वर दोन ओळी टाका: ‘इम्पोर्ट सिस’ आणि त्याखाली ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ प्रिंट करा. वेगळ्या टर्मिनलमध्ये नाही, त्याच स्क्रिप्टमध्ये, आणि ती एरवी जशी रन करता तशीच रन करा, म्हणजे एडिटरच्या बटणावरून करत असाल तर त्याच बटणावरून. जो पाथ छापला जाईल तो खरा चालू असलेला पायथन. आता टर्मिनलमध्ये ‘पिप डॅश डॅश व्हर्जन’ मारा. पिप नुसतं स्वतःचं व्हर्जन सांगत नाही, ते कुठल्या फोल्डरमधून चाललंय आणि कुठल्या पायथनसाठी हेही त्याच ओळीत सांगतं. हे दोन पाथ शेजारी ठेवा. शब्दशः सारखे नसतीलच, पण सुरुवातीचा, म्हणजे पायथनच्या मूळ फोल्डरचा भाग वेगळा दिसला तर रोग सापडला.

पिपचं आउटपुट आपण वाचत नाही ही पण एक अडचण आहे. ‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’वाल्या ओळीत पुढे साइट-पॅकेजेसचा (टाकलेली पॅकेजेस जिथं राहतात तो फोल्डर) पूर्ण पाथ असतो, पॅकेज नक्की कुठे बसलंय ते तिथंच लिहिलेलं असतं. तसंच ‘डिफॉल्टिंग टू यूजर इन्स्टॉलेशन’ अशी ओळ दिसली तर समजा की तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये नाहीच आहात, पॅकेज तुमच्या होम फोल्डरमधल्या यूजर साइटमध्ये चाललंय. ही ओळ दिसली की तिथंच थांबायचं.

आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये आहोत की नाही हे पायथनलाच विचारायचं असेल तर ‘सिस डॉट प्रीफिक्स’ आणि ‘सिस डॉट बेस अंडरस्कोर प्रीफिक्स’ दोन्ही प्रिंट करा. दोन्ही सारखे असतील तर तुम्ही बाहेर, वेगळे असतील तर आत. प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसतंय यावर विश्वास ठेवू नका, ते का ते पुढे येतंय.

व्हेन्व म्हणजे नक्की काय असतं

व्हेन्व म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवणारं पायथनचं मॉड्यूल, आणि त्यानं बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटलाही तेच म्हणतात. हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे प्रकार यातूनच निघतात. ‘पायथन -एम व्हेन्व .व्हेन्व’ ही कमांड चालवली की एक साधा फोल्डर तयार होतो. त्यात लिनक्स-मॅकवर बिन नावाचा आणि विंडोजवर स्क्रिप्ट्स नावाचा फोल्डर, आत पायथन (लिनक्स-मॅकवर ती मूळ पायथनकडे जाणारी नुसती सिमलिंक, म्हणजे शॉर्टकट, असते), एक साइट-पॅकेजेस, आणि ‘पायव्हेन्व डॉट सीएफजी’ नावाची छोटीशी टेक्स्ट फाइल. पायथन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक फोल्डर वर ही फाइल आहे का बघतो, आणि सापडली तर तिथलं साइट-पॅकेजेस वापरतो. बस, एवढंच. यात कुठली सर्व्हिस चालू नसते, काही लपलेलं नसतं.

मग अ‍ॅक्टिव्हेट काय करतं? ते फक्त चालू शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड्स चालवणारा प्रोग्राम) पाथ व्हेरिएबलच्या (कमांड कुठल्या फोल्डर्समध्ये शोधायची त्याची यादी) सुरुवातीला त्या बिन फोल्डरचं नाव जोडतं, ‘व्हर्च्युअल एन्व’ नावाचं एक व्हेरिएबल सेट करतं आणि प्रॉम्प्टवर नाव चिकटवतं. म्हणजे अ‍ॅक्टिव्हेट न करता तुम्ही थेट ‘.व्हेन्व/बिन/पायथन’ असा पाथ देऊन स्क्रिप्ट चालवली तरी एन्व्हायर्नमेंट पूर्ण लागू होतं. हे अनेकांना माहीतच नसतं आणि अ‍ॅक्टिव्हेशनलाच सगळं मानून बसतात.

व्हेन्व हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथनबरोबरच येतं. त्याआधी इयान बिकिंग यांनी २००७ साली लिहिलेलं व्हर्च्युअलएन्व हे वेगळं पॅकेज लोक वापरायचे, ते अजूनही चालू आहे आणि चांगलं आहे. ३.४ पासून नव्या व्हेन्वमध्ये पिप आपोआप येऊ लागलं. जुन्या लेखांत ‘पायव्हेन्व’ नावाची कमांड दिसेल, ती ३.८ मध्ये काढून टाकलीय, तिच्यामागे लागू नका.

सवय एकच लावून घ्या

नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहिणं सोडा आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहा. यात ज्या पायथनला तुम्ही हाक मारली त्याचंच पिप चालतं, दोघांची ताटातूट होऊच शकत नाही. टायपिंग जरा जास्त आहे हे मान्य, पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा सल्ला हाच, आणि पुढचे निम्मे प्रकार याच्यामुळे एक तर होत नाहीत किंवा झाले तर लगेच उघडे पडतात.

प्रॉम्प्टवर नाव दिसतंय तरी चुकीचा पायथन

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. कारणं बरीच आहेत.

एक म्हणजे एलियस, कमांडला दिलेलं टोपणनाव. कुणीतरी कधीतरी शेलच्या सेटिंग फाइलमध्ये ‘पायथन म्हणजे पायथन ३ समज’ असा एलियस लिहून ठेवलेला असतो. एलियसमध्ये पूर्ण पाथ असेल तर संपलंच, कारण शेल आधी एलियस बघतं, पाथ नंतर, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेट कितीही वेळा करा, काही फरक पडत नाही. ‘विच’ कमांडनं हे बॅश शेलमध्ये दिसतही नाही. ‘टाइप -ए पायथन’ चालवा, एलियससकट सगळे पायथन ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं छापून येतील. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये यासाठी ‘व्हेअर पायथन’ आहे. विंडोजवर त्या यादीत विंडोज अ‍ॅप्स नावाच्या फोल्डरमधला पायथन पहिला आला आणि रन केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर ते नुसतं शॉर्टकटसारखं एलियस आहे, सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्युशन एलियसेस’ मध्ये जाऊन ते बंद करा.

दुसरं, बॅशची आठवण. बॅश एकदा शोधलेल्या कमांडचा पाथ लक्षात ठेवतं. समजा एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्ह आहे पण त्यात पायटेस्ट (टेस्ट चालवायचं टूल) नाहीये, तुम्ही पायटेस्ट चालवलं, ते सिस्टिममधलं चाललं, त्याला तुमची पॅकेजेस सापडली नाहीत. मग तुम्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये पायटेस्ट टाकलं आणि परत चालवलं, तरी बॅश जुन्या पाथवरचंच चालवणार. ‘हॅश -आर’ मारा किंवा नवीन टर्मिनल उघडा. किंवा ‘पायथन -एम पायटेस्ट’ चालवा, म्हणजे प्रश्नच नाही.

तिसरं, फोल्डर हलवलेला किंवा नाव बदललेला असणं, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण हा प्रकार फसवा आहे. व्हेन्वमधल्या पिपसारख्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पाथ कोरलेला असतो, आणि अ‍ॅक्टिव्हेट फाइलमध्येही. प्रोजेक्ट फोल्डरचं नाव बदललं की तो पाथ खोटा होतो आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी एरर येते, विंडोजवर ‘फेटल एरर इन लाँचर’. ही एरर आली तर उलट बरं, निदान कळतं तरी. खरा त्रास होतो फोल्डर कॉपी केला तर. जुना प्रोजेक्ट व्हेन्वसकट कॉपी करून नवीन सुरू केला, नव्या फोल्डरमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्हेट केलं, प्रॉम्प्टवर नाव आलं, सगळं छान दिसतं, पण त्या अ‍ॅक्टिव्हेट फाइलमध्ये पाथ जुन्याच फोल्डरचा आहे, त्यामुळे तुम्ही जुन्या प्रोजेक्टच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसून पॅकेजेस टाकताय, आणि नव्या प्रोजेक्टसाठी वाढवलेलं एखादं व्हर्जन जुना प्रोजेक्ट मोडतं. एडिटर मात्र नव्या फोल्डरमधला पायथन वापरत असतो, तिथं पॅकेज नाही. म्हणून व्हेन्व कधीही हलवायचं नाही, कॉपी करायचं नाही, झिप करून पाठवायचं नाही, गिटमध्ये टाकायचं नाही. ते परत बनवायची गोष्ट आहे. (पायथन ३.१३ पासून व्हेन्व आपल्या फोल्डरमध्ये गिटइग्नोर फाइल स्वतःच टाकतं, फार चांगलं केलं.)

चौथं, कोंडा. प्रॉम्प्टवर ‘बेस’ आणि तुमच्या व्हेन्वचं नाव दोन्ही दिसत असतील तर दोन व्यवस्था एकावर एक चढल्यात, आणि जी शेवटी अ‍ॅक्टिव्हेट झाली ती जिंकते. मिसळू नका. कोंडा वापरायचं असेल तर पूर्ण कोंडा वापरा, नसेल तर त्याचं बेस आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होणं सेटिंगमधून बंद करा.

आणि पाचवं हल्लीचं. यूव्ही नावाचं नवं टूल खूप लोक वापरायला लागलेत, वेगाला जबरदस्त आहे, पण ‘यूव्ही व्हेन्व’नं बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतंच. मग तुम्ही अ‍ॅक्टिव्हेट करून सवयीनं ‘पिप इन्स्टॉल’ मारता, शेलला आत पिप सापडत नाही म्हणून ते पाथवर पुढचं, म्हणजे सिस्टिमचं पिप उचलतं, आणि पॅकेज बाहेर जातं. तिथं ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ वापरायचं, किंवा बनवतानाच सीड हा ऑप्शन द्यायचा. ‘पायथन -एम पिप’ची सवय असेल तर इथं गपचूप चुकीच्या ठिकाणी जाण्याऐवजी सरळ ‘पिप नावाचं मॉड्यूल नाही’ अशी एरर येते आणि लगेच कळतं.

अ‍ॅक्टिव्हेटच होत नाही

लिनक्स-मॅकवर अ‍ॅक्टिव्हेट फाइल ‘सोर्स’ करायची असते. तिला परमिशन देऊन थेट चालवली तर ती वेगळ्या उप-शेलमध्ये चालते, तिथला पाथ बदलते आणि संपते, तुमच्या शेलला काहीच होत नाही आणि एररही येत नाही. फिश शेल वापरत असाल तर त्याची अ‍ॅक्टिव्हेट फाइल वेगळी असते, त्याच फोल्डरमध्ये.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ असं लाल अक्षरात आलं तर ते पायथनचं नाही, पॉवरशेलच्या एक्झिक्युशन पॉलिसीचं आहे. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी’ कमांडनं करंट यूजरच्या स्कोपमध्ये ‘रिमोटसाइन्ड’ करा, अ‍ॅडमिन लागत नाही. अख्ख्या मशीनसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायला सांगणारे सल्ले ऐकू नका.

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’

ही एरर डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, दिसायला लागली, होमब्रूच्या पायथनवरही येते. अर्थ असा की तुम्ही सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं ढवळाढवळ करताय आणि सिस्टिमला ते नकोय. त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची टूल्स चालतात, तिथं एखाद्या पॅकेजचं व्हर्जन बदललं तर भलतंच काहीतरी मोडतं. एररमध्येच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाचा ऑप्शन सुचवलेला असतो आणि लोक तो कॉपी करून टाकतात, कृपया करू नका, नावातच लिहिलंय की काय होणार आहे. व्हेन्व बनवा. यूट्यूब डाउनलोडर, ब्लॅक अशी कमांडसारखी वापरायची टूल्स असतील तर पिपएक्स वापरा, ते प्रत्येक टूलला वेगळं एन्व्हायर्नमेंट स्वतः बनवून देतं.

डेबियन-उबुंटूवर व्हेन्व बनवतानाच ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ आलं तर पायथन३-व्हेन्व हे सिस्टिमचं पॅकेज एपीटीनं टाका, तिथं ते वेगळं ठेवलेलं असतं. आणि अर्धवट तयार झालेला फोल्डर आधी डिलीट करा, मग परत बनवा.

काल चालत होतं, आज नाही

सिस्टिम अपग्रेड केली असणार. उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० होता, २४.०४ वर ३.१२ आहे. व्हेन्वमधली सिमलिंक सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवते, तो आता ३.१२ झाला, पण तुमची पॅकेजेस पायथन ३.१० नावाच्या फोल्डरमध्ये पडलीत आणि नवा पायथन ३.१२ नावाचा फोल्डर शोधतो. म्हणून पायथन मजेत सुरू होतो आणि एकही पॅकेज सापडत नाही. ती पॅकेजेस हातानं इकडून तिकडे हलवू नका, त्यातली बरीच त्या-त्या व्हर्जनसाठी कंपाइल केलेली असतात. नवीन बनवा.

आणि नवीन बनवल्यावर ३.१२ मध्ये ‘डिस्टयूटिल्स’ किंवा ‘पीकेजी रिसोर्सेस’ सापडत नाही अशी एरर आली तर तो तुमचा दोष नाही. डिस्टयूटिल्स ३.१२ मध्ये पायथनमधून काढून टाकलं आणि नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणं पण बंद झालं. ज्या जुन्या पॅकेजला ते लागतंय त्याचं नवं व्हर्जन आहे का आधी बघा, नसेल तर सेटअपटूल्स हातानं टाका, पण पीकेजी रिसोर्सेस हवं असेल तर थोडं जुनं व्हर्जन लागू शकतं.

टर्मिनलमध्ये चालतं, बाकी कुठे नाही

व्हीएस कोडमध्ये ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ मध्ये जाऊन तुमच्या व्हेन्वमधला पायथन निवडा, टर्मिनलमध्ये अ‍ॅक्टिव्हेट केल्यानं रन बटणाला काही कळत नाही. ज्युपिटरचं अजून वेगळं, नोटबुक उघडणारा ज्युपिटर एका पायथनवर आणि कोड चालवणारा कर्नल दुसऱ्या पायथनवर असू शकतो. तिथं सेलमध्ये उद्गारचिन्ह लावून पिप चालवलं तर ते शेलचं पिप असतं, टक्क्याचं चिन्ह लावून चालवलं तर कर्नलचं. टक्केवालं वापरा. कायमचं करायचं तर व्हेन्वमध्ये आयपीवायकर्नल टाका आणि त्याच्याच इन्स्टॉल कमांडनं नाव देऊन कर्नल रजिस्टर करा.

क्रॉन किंवा सिस्टमडीनं (लिनक्सवर आपोआप कामं चालवणाऱ्या व्यवस्था) स्क्रिप्ट चालवायची असेल तर अ‍ॅक्टिव्हेटच्या नादी लागूच नका, व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पाथ आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ लिहा, झालं. सुडोचंही तेच, सुडो बहुतेक ठिकाणी पाथ स्वतःचा वापरतं, त्यामुळे अ‍ॅक्टिव्ह एन्व्हायर्नमेंटमधून सुडो पायथन चालवला की सरळ सिस्टिमचा पायथन येतो.

पायथन बरोबर आहे तरी एरर

मग दोन गोष्टी बघा. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं: टाकताना ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट करताना सीव्ही२, टाकताना पिलो, इम्पोर्ट पीआयएल, पायवायएएमएलचं नुसतं यामल, ब्यूटिफुलसूप४ चं बीएस४. दुसरं, तुमच्याच फोल्डरमध्ये रिक्वेस्ट्स किंवा रँडम नावाची फाइल नाहीये ना, कारण पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतो. संशय आला तर इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचं ‘डंडर फाइल’ (म्हणजे आधी-नंतर दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं ‘फाइल’) प्रिंट करा, कुठून उचललं ते कळेल.

उलटा प्रकारही असतो, एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज टाकलेलं नाही तरी चालतंय, आणि दुसऱ्याच्या मशीनवर गेलं की बंद. तिथं पायथनपाथ हे व्हेरिएबल सेट आहे का बघा, व्हेन्व त्याला हात लावत नाही आणि त्यातून बाहेरची पॅकेजेस आत येतात. पायव्हेन्व डॉट सीएफजीमध्ये ‘इन्क्लूड सिस्टिम साइट पॅकेजेस’ समोर ट्रू लिहिलंय का तेही बघून घ्या.

डिलीट करून परत बनवताना

वरचं निम्मं वाचून कंटाळा आला असेल तर सरळ व्हेन्व उडवा, त्यात काही पवित्र नाही, फक्त त्यात तुमचा कोड ठेवलेला नसावा. उडवायच्या आधी ‘पायथन -एम पिप फ्रीझ’चं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या. पण फ्रीझ सगळंच लिहितं, तुम्ही टाकलेलं आणि त्याच्या मागोमाग आलेलं सुद्धा, त्यामुळे पायथनचं व्हर्जन बदलत असाल तर ती यादी जशीच्या तशी चालेलच असं नाही. मी तरी प्रत्येक प्रोजेक्टला दोन फाइल्स ठेवतो, एकात फक्त मला थेट लागणारी पॅकेजेस हातानं लिहिलेली, दुसऱ्यात फ्रीझची पूर्ण यादी. पायथन तोच असेल तर दुसरी वापरायची, पायथन बदलला तर पहिलीवरून टाकून नवी फ्रीझ काढायची. बनवताना कुठला पायथन हवा तो स्पष्ट लिहा, ‘पायथन३.१२ -एम व्हेन्व’ असं, विंडोजवर ‘पीवाय -३.१२ -एम व्हेन्व’. व्हेन्वमधली पॅकेजेस ते ज्या पायथननं बनवलं त्याच व्हर्जनसाठी राहतात.

शेवटी एक सेटिंग, दोन मिनिटांचं काम: ‘पिप कॉन्फिग सेट ग्लोबल डॉट रिक्वायर-व्हर्च्युअलएन्व ट्रू’. यानंतर एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर चुकून पिप इन्स्टॉल मारलं तर पिप काहीही न टाकता एरर देऊन थांबतं. कधी मुद्दाम बाहेर टाकायचं असेलच तर त्या एका कमांडपुरतं ‘पिप रिक्वायर व्हर्च्युअलएन्व’ हे व्हेरिएबल फॉल्स करून चालवा. एवढं करूनही अडलं तर विचारताना सिस डॉट एक्झिक्युटेबल, पिप व्हर्जनची ओळ आणि टाइप -ए पायथनचं आउटपुट या तीन गोष्टी जशाच्या तशा पेस्ट करा, एररचा स्क्रीनशॉट नको, त्यातून काही कळत नाही.